गाडी धावते की ऐकणारा?

नरखेड स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी लागते आणि गाडी पुढे जाताच पट्टी उतरते, हे तालुक्यातल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ख्रिस्तियान डॉप्लरने १८४२ साली प्राग येथे हा नियम मांडला तो मात्र जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. रंगांचा तर्क चुकला, नियम टिकला. १८४५ मध्ये बाइस बॅलटने उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवादक बसवून व रुळांकाठी तयार कानाचे वादक उभे करून तो ध्वनीपुरता पडताळला.

या नियमात एक खोच आहे. गाडीचा वेग सेकंदाला ३० मीटर, ध्वनीचा ३४० मीटर आणि शिट्टी ४०० हर्ट्झची धरा. गाडी आपल्याकडे आली तर सुमारे ४३९ हर्ट्झ ऐकू येतात. गाडी उभी असून आपणच त्या वेगाने तिच्याकडे गेलो तर ४३५. असे का? मध्ये हवा आहे आणि कोण हलले हे हवेच्या संदर्भात ठरते. ही दोन्ही गणिते फळ्यावर शेजारी शेजारी करून पाहावीत.

प्रकाशासाठी एकोणिसाव्या शतकाने हवेच्या जागी ईथर कल्पिला, म्हणून तिथेही दोन सूत्रे आली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथर अनावश्यक ठरवला. मग कोण हलले हा प्रश्नच उरत नाही आणि सूत्र एकच राहते. गंमत अशी, की त्याचे उत्तर जुन्या दोन उत्तरांचा बरोबर भूमितीय मध्य असते!

पण खरे कोणते? गाडीच्या दिव्यावर हे ठरणार नाही. तिथे जुन्या दोन उत्तरांतला फरक १० च्या चौदाव्या घाताइतक्या भागांत एक एवढाच. १९३८ साली अमेरिकेत आइव्ह्ज आणि स्टिलवेल यांनी वेगवान हायड्रोजन कणांचा प्रकाश समोरून आणि आरशाच्या साहाय्याने मागून, असा एकदमच टिपला. चालत्या स्रोताच्या जुन्या सूत्रानुसार दोन्ही तरंगलांबींची सरासरी मूळ तरंगलांबीइतकीच यायला हवी होती. ती किंचित तांबड्याकडे सरकलेली निघाली, सापेक्षतेच्या गणिताप्रमाणेच. चालते घड्याळ मंद होते, त्याचाच हा परिणाम.

आइव्ह्ज मात्र सापेक्षतेचा कट्टर विरोधक. लॉरेंट्झ आणि लार्मर यांच्या ईथरवादातही घड्याळे मंद होतात, तेव्हा हा त्याच वादाचा विजय, असे त्याचे म्हणणे. तर्क म्हणून ते अगदीच चूक नाही. या एका प्रयोगाने जुने सूत्र बाद होते, ईथर नव्हे. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्याने मत बदलले नाही.