इन्सुलिन समिती, टोरोंटो

इन्सुलिन समिती : कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९२२ मध्ये नेमलेली समिती. इन्सुलिनचे पेटंट सांभाळणे, उत्पादकांना परवाने देणे, बाजारात जाणाऱ्या मालाची शक्ती तपासणे आणि रुग्णांवर औषध वापरणाऱ्या डॉक्टरांचे अनुभव कारखान्यापर्यंत पोचवणे, ही तिची मुख्य कामे होती. मधुमेहावरचे औषध तयार करणाऱ्या कंपनीला वैद्यकीय तज्ज्ञांनी सल्ला देण्याचे हे आरंभीचे आणि सर्वांत ठळक उदाहरण आहे. ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील इंडियानापोलिसची ‘एली लिली’.

इन्सुलिनच्या शोधाची हकीकत सर्वपरिचित आहे. शल्यचिकित्सक फ्रेडरिक बँटिंग आणि विद्यार्थी चार्ल्स बेस्ट यांनी मे १९२१ मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. वर्षअखेरीस जेम्स कॉलिप हे जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला टोचल्यावर मात्र मुलाच्या लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. यापुढचे सारे कठीण काम औषध बनवण्याचे होते आणि समितीचा इतिहास तेथून सुरू होतो.

लिलीचे संशोधन-संचालक जॉर्ज क्लोज यांना या कामाचा सुगावा इतरांच्या आधी लागला होता. ३० डिसेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे भरलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या बैठकीत बँटिंग आणि मॅक्लाउड यांनी आपले काम मांडले. श्रोत्यांमध्ये क्लोज होते, तसेच इलियट जॉस्लिन आणि फ्रेडरिक अॅलन हे अमेरिकेतील मधुमेहाचे दोन अग्रगण्य डॉक्टरही होते. क्लोज यांनी तेव्हापासूनच सहकार्यासाठी लकडा लावला. मॅक्लाउड यांनी नकार दिला. औषध विद्यापीठाच्याच कॉनॉट प्रयोगशाळेत बनवावे आणि खासगी कंपनीला त्यात शिरू देऊ नये, असा संशोधकांचा आपसांतला करार जानेवारी १९२२ मध्ये झाला होता.

हा निश्चय चार महिनेच टिकला. वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला घेतला तेव्हा त्याची शक्तीच नाहीशी होऊ लागली. कॉलिप यांनाही आपली कृती पुन्हा जमेना. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात साधलेली गोष्ट मोठ्या भांड्यात बिघडली आणि ज्यांना औषध सुरू केले होते त्यांचे औषध बंद पडले. ३० मे १९२२ रोजी लिलीशी करार झाला तो या अडचणीतून. पहिले वर्ष प्रायोगिक मानले गेले. त्या काळात अमेरिका, मेक्सिको, क्यूबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका या प्रदेशांपुरता एकट्या लिलीला हक्क मिळाला. त्यानंतर इतर उत्पादकांनाही परवाने द्यायचे आणि स्वामित्वशुल्क विद्यापीठाच्या संशोधनकार्याकडे वळवायचे, असे ठरले. जूनच्या आरंभी बेस्ट आणि कॉलिप यांनी इंडियानापोलिसला जाऊन कंपनीच्या रसायनज्ञांना कृती दाखवली. कत्तलखान्यांतून गुरांची व डुकरांची स्वादुपिंडे येऊ लागली आणि काम घाऊक प्रमाणावर सुरू झाले.

समितीचे अध्यक्ष अॅल्बर्ट गुडरहॅम हे टोरोंटोतील प्रसिद्ध मद्योत्पादक घराण्यातले होते. कॉनॉट प्रयोगशाळेला जमीन त्यांनीच दिली होती. (इन्सुलिन काढायला अल्कोहोल लागे, हा एक गमतीचा योगायोग.) कॉनॉटचे संचालक जे. जी. फिट्झजेरल्ड आणि खुद्द मॅक्लाउड यांचा कामकाजावर मोठा प्रभाव होता. विद्यापीठाचे कारभारी, संशोधक आणि पेटंटचे वकील एकाच टेबलाशी बसत. औषधनिर्मितीचा अनुभव त्यांच्यापैकी थोड्यांनाच होता, विक्रीचा तर जवळपास कोणालाच नव्हता. तरीही लिलीसारख्या मुरलेल्या कंपनीपुढे ही मंडळी दबली नाहीत.

उपचारांबाबतच्या सल्ल्याचा खरा स्रोत मात्र समितीबाहेर होता. त्यात बॉस्टनचे जॉस्लिन, न्यू जर्सीतील मॉरिसटाउनचे अॅलन, शिकागोचे रोलिन वुडयट, मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर, न्यू यॉर्कचे रॉल गायलिन, रॉचेस्टरचे जॉन विल्यम्स आणि टोरोंटोचे वॉल्टर कँपबेल व अॅलमन फ्लेचर हे डॉक्टर होते. इन्सुलिनपूर्व काळात त्यांच्या हाती आहारनियंत्रणाखेरीज काही नव्हते. अॅलन यांची काटेकोर उपासमारीची पद्धत तेव्हा सर्वमान्य होती. तिने मुले वर्ष-दोन वर्षे अधिक जगत, पण हाडांचे सापळे होऊन. अॅलन यांची रुग्ण एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, ऑगस्ट १९२२ मध्ये टोरोंटोला बँटिंग यांच्याकडे आली. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या या मुलीचे वजन तेव्हा अवघे ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो होते. इन्सुलिनवर ती १९८१ पर्यंत जगली.

या डॉक्टरांना लिली आपल्या औषधाच्या कुप्या पुरवी आणि त्या बदल्यात ते रुग्णांच्या सविस्तर नोंदी देत. साखर, आहार, वजन, मात्रा, दुष्परिणाम, सारे काही त्यांत असे. ते कंपनीचे नोकर नव्हते, पण पूर्णपणे अलिप्तही नव्हते. आपल्या डोळ्यांदेखत मरणाऱ्या रुग्णाचा जीव कंपनीच्या पुढच्या खेपेवर अवलंबून आहे, हे ठाऊक असलेला डॉक्टर त्याच कंपनीच्या मालात खोट दाखवतो, तेव्हा त्याला ते सोपे जात नाही. तरीही त्यांनी खोट दाखवली, आणि सर्वांत मोठी तक्रार शक्तीतल्या तफावतीची होती. कुपी बदलली की परिणाम बदले. मात्रा कमी पडली तर साखर वाढे. जास्त झाली तर रुग्णाला घाम सुटे, थरथर होई आणि शुद्ध हरपे. तेव्हा संत्र्याचा रस किंवा साखर देऊन त्याला सावरावे लागे. रक्तशर्करा अतिशय खाली जाण्याचे हे संकट या औषधानेच डॉक्टरांपुढे नव्याने उभे केले होते आणि त्याची हाताळणी त्यांनी अनुभवातूनच बसवली.

नोव्हेंबर १९२२ मध्ये समितीने या डॉक्टरांना टोरोंटोत एकत्र बोलावले. क्लोजही हजर होते. कारखानदार आणि डॉक्टर समोरासमोर बसून एकाच औषधाचे हिशेब तपासत आहेत, ही त्या काळी नवी गोष्ट होती. त्यांचे अनुभव पुढे अॅलन यांच्या ‘जर्नल ऑफ मेटाबॉलिक रिसर्च’ या नियतकालिकाच्या इन्सुलिन विशेषांकात छापले गेले.

तफावतीचे मूळ मोजमापात होते. इन्सुलिन वजनाने मोजता येत नव्हते, कारण अर्कात भेसळच जास्त. म्हणून शक्ती सशांवर मोजायची पद्धत पडली. दिवसभर उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची रक्तशर्करा आचके येण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ०.०४५ टक्क्यांपर्यंत, उतरवणारी मात्रा हे मूळ एकक ठरले. माणसासाठी ते फार मोठे पडू लागल्यावर त्याचा तिसरा हिस्सा रुग्णोपचाराचे एकक म्हणून स्वीकारला गेला. पुढे राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने कोरड्या भुकटीचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना ठरला आणि त्याच्या एका मिलिग्रॅमला ८ एकके मानली गेली. आजच्या सिरिंजवर छापलेल्या ‘युनिट’च्या मुळाशी हेच ससे आहेत.

शुद्धतेचा प्रश्न लिलीनेच सोडवला. कंपनीचे रसायनज्ञ जॉर्ज वॉल्डन यांच्या लक्षात आले की द्रावणाची आम्लता एका ठरावीक बिंदूवर आणली की इन्सुलिन साक्याच्या रूपात खाली बसते. या पद्धतीने माल एकदम शुद्ध आणि टिकाऊ झाला. पण लगेच वाद उभा राहिला. कंपनीने या पद्धतीचे पेटंट मागितले. शिवाय औषध ‘आयलेटिन’ या स्वतःच्या नावाने विकण्याचा तिचा आग्रह होता. प्रायोगिक वर्ष संपल्यावर नाव आणि कृती दोन्ही लिलीच्या मुठीत राहिली तर इतरांना दिलेल्या परवान्यांना अर्थ उरणार नाही, हे समितीने ओळखले. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप शॅफर यांच्या गटालाही तीच पद्धत स्वतंत्रपणे सापडली होती. त्यामुळे कंपनीचा दावा सैल पडला. बरीच पत्रापत्री आणि खटकाखटकी होऊन अखेर लिलीने मक्तेदारीचा हट्ट सोडला, आणि वेष्टनावर ‘आयलेटिन’च्या जोडीला ‘इन्सुलिन, लिली’ हे शब्द आले. ऑक्टोबर १९२३ मध्ये औषध अमेरिकेत खुल्या विक्रीला आले. पुढे स्क्विब, स्टर्न्स यांसारख्या कंपन्यांनाही परवाने मिळाले.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला विकले, ही गोष्ट त्यागाची कथा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी. डॉक्टराने औषधाचे पेटंट घेणे तेव्हा वैद्यकीय शपथेच्या विरुद्ध मानले जाई, म्हणून आरंभीच्या अर्जात बँटिंग यांनी आपले नावही घालू दिले नव्हते. तरी पेटंट घेतलेच गेले, कारण त्यावाचून निकृष्ट माल विकणाऱ्याला अडवण्याचा मार्ग नव्हता. समितीच्या सल्ल्याला धार होती ती या कागदामुळे. तपासणीत न उतरलेला माल विकायचा नाही, ही परवान्याची अट होती, आणि ती मोडली तर परवाना जाण्याची भीती होती. नुसत्या विद्वत्तेवर लिली इतकी नमली असती, असे वाटत नाही.

अमेरिकेबाहेर समितीने निराळे मार्ग धरले. ब्रिटनचे हक्क तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलला दिले गेले. हेन्री डेल आणि हॅरल्ड डडली यांनी १९२२ च्या शरदात टोरोंटोला येऊन पाहणी केली होती. त्याच सुमारास डेन्मार्कचे नोबेल-मानकरी ऑगस्ट क्रोग येऊन गेले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेहीही होत्या. क्रोग यांनी स्कँडिनेव्हियासाठी परवानगी मिळवली आणि हान्स क्रिस्तियन हागेडोर्न यांच्यासह ‘नोर्डिस्क’ ही संस्था उभी केली. तिच्यातून बाहेर पडलेल्या पेडरसन बंधूंनी १९२५ मध्ये ‘नोवो’ काढली आणि १९८९ मध्ये दोन्ही एक झाल्या. आजची नोवो नोर्डिस्क ती हीच.

समितीची तपासणी जवळजवळ दोन दशके चालली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेतील पेटंटची मुदत संपू लागली तेव्हा विनातपासणी माल बाजारात येण्याचा धोका दिसू लागला. म्हणून अमेरिकी काँग्रेसने घाईने कायदा करून इन्सुलिनच्या प्रत्येक बॅचचे प्रमाणन अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवले. एका विद्यापीठाची समिती जे काम करीत होती ते पार पाडायला सरकारी खाते लागले.

आज मधुमेहाच्या औषधकंपन्यांची वैद्यकीय सल्लागार मंडळे सर्रास असतात. त्यांतला मूळ फरक असा की सल्लागार कंपनी नेमते आणि मानधनही तीच देते. टोरोंटोत कंपनीच परवानाधारक होती. या बदललेल्या नात्यावर नियंत्रण म्हणून अमेरिकेत २०१० च्या कायद्याने डॉक्टरांना दिलेल्या रकमा जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. भारतात २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधविपणनाची नवी आचारसंहिता लागू केली असून तिच्यानुसार औषधकंपन्यांना डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत.