रविवारची दोत्रिन आणि एक पुराण

मराठीतलं एक अकरा हजार ओव्यांचं पुराण लहान मुलांच्या रविवारच्या वर्गात सुरू होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' आपल्याला माहीत असतं ते मराठीची थोरवी गाणाऱ्या चार-पाच ओव्यांमुळे. त्या ओव्या भाषणांत येतात, मराठी दिनाच्या फॉरवर्डमध्ये येतात आणि बाकीचं पुराण कपाटातच राहतं.

पण त्याचा पहिला अवस्वर उघडून पाहा (अध्यायाला तो अवस्वर म्हणतो). रविवार आहे. संध्याकाळची प्रार्थना आटोपली आहे आणि ख्रिस्ती मुलांना दोत्रिन शिकवणं चाललं आहे. दोत्रिन म्हणजे पोर्तुगीजांची 'दोत्रिना': धर्माची शिकवण, प्रश्न आणि त्याचं पाठ केलेलं उत्तर. तिथे एक ब्राह्मण येतो, ख्रिस्ती झालेला. तो पाद्रीगुरूला साधारण असं विचारतो, की मुलांना शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं एखादं पुराण का करत नाही? पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.

मी वसईकडच्या एका चर्चमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रविवारी धर्मशिक्षण देते. त्यामुळे मला त्या पुराणाइतकाच तो वर्गही महत्त्वाचा वाटतो. तिथली मुलं काय पाठ करत होती? आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला ते अपुरं का वाटलं?

त्यासाठी सत्तरेक वर्षं मागे जावं लागतं. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांवरून फिरायचा, मुलांना आणि घरच्या नोकरमाणसांना गोळा करून चर्चमध्ये न्यायचा. कधी कधी तीनशेच्या वर मुलं जमत, असं त्याने पत्रात लिहिलं आहे. 'आमच्या बापा', 'नमो मरिया', दहा आज्ञा हे सगळं तो चालीवर म्हणून घ्यायचा. गाण्यातून पाठ करवण्याची ही रीत आपल्याकडच्या पोरांना अजिबात परकी नव्हती. पाढे आपण असेच शिकलो.

मात्र नुसतं घंटेचं आणि गाण्याचं चित्र रंगवून पुढे जाणं मला पटत नाही. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला, की अनाथ हिंदू मुलं गोव्यातल्या जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांना ख्रिस्ती करून वाढवावं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली (ही गोव्यातली साष्टी, मुंबईजवळची नव्हे). १५८३ मध्ये त्याच साष्टीत, कुंकळ्ळीला, गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला. स्टीफन्सच्या वर्गात बसलेली मुलं या सगळ्यानंतर जन्मलेली. त्यांच्या आज्यांना जुन्या कथा येत असणारच, पण त्या मोकळेपणाने सांगायची सोय राहिली नव्हती. 'पुराणं बंद केलीत' हे त्या ब्राह्मणाचं वाक्य म्हणूनच मला फार जड वाटतं. आणि ते वाक्य एका पाद्रीने आपल्याच ग्रंथात, अगदी सुरुवातीला लिहून ठेवलं आहे.

मुलांच्या हातात प्रश्नोत्तरांशिवाय आणखी एक गोष्ट होती, चर्चचं वर्ष. आगमनकाळाचे चार रविवार, मग नाताळ. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. ख्रिस्ताचा जन्म, मरण, पुनरुत्थान असं सगळं चरित्र दरवर्षी एकदा जगून काढायचं, अशी ही रचना आहे. तिचा मोठा भाग चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो आणि राखेचा बुधवारही त्याच्याबरोबर मागेपुढे सरकतो. (चर्च यासाठी आकाशातली नव्हे, तर कोष्टकातली पौर्णिमा धरतं, पंचांगवाल्यांना यात नवल वाटणार नाही.) हा हिशेब बिघडला होता म्हणूनच १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. तेव्हा स्टीफन्सला गोव्यात येऊन तीन वर्षं झाली होती.

मिस्सा लॅटिनमध्ये. शुभवर्तमान लॅटिनमध्ये. मुलांना त्यातलं काय कळणार? तरी वर्षाचं चाक कान आणि डोळे यांच्यातून बरंच शिकवून जायचं. उपवासकाळाच्या अखेरच्या दिवसांत मूर्तींवर जांभळं कापड पडतं. पवित्र गुरुवारी 'ग्लोरिया' झाला की घंटा मुक्या होतात आणि त्यांच्या जागी लाकडी खटखट्या वाजतात, ते थेट ईस्टरच्या जागरणापर्यंत. तीन दिवस घंटा ऐकू आली नाही, की सहा वर्षांच्या पोरालाही कळतं काहीतरी वाईट घडलं आहे. झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे मुलं माडाच्या पातीचे क्रूस विणतात, आणि हात कामात असले की तोंडाला प्रश्न सुचतात. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कांसावलीला ६ जानेवारीच्या सुमारास तीन मुलगे मुकुट घालून राजे होतात आणि अख्खा गाव त्यांच्यामागे जातो. ही मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट. गंमत अशी, की मत्तयने ना 'तीन' म्हटलंय, ना 'राजे'. पूर्वेकडून आलेले काही ज्ञानी, एवढंच. भेटी तीन होत्या म्हणून माणसं तीन झाली. माझ्या वर्गात हे सांगितलं, की नाटकात चौथा राजा व्हायला लगेच कुणीतरी हात वर करतं.

पण चाक कितीही फिरलं तरी त्याला गोष्ट लागते. क्रूस का विणायचा, घंटा का थांबली, हे कुणीतरी आपल्या भाषेत सांगावं लागतं. दोत्रिनीत व्याख्या होत्या: देव किती, संस्कार किती, पापं किती. स्टीफन्सने तेही काम केलंच. मुलांसाठीचं एक पोर्तुगीज प्रश्नोत्तराचं पुस्तक त्याने कोकणीत आणलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, रायतूरच्या छापखान्यात छापलं गेलं. म्हणजे शिकवण्याच्या दोन्ही वाटा त्याला ठाऊक होत्या. तरी आयुष्यातली वर्षं त्याने ओतली ती पुराणात, आणि मला वाटतं त्याचा अंदाज बरोबर होता.

१६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' रायतूरलाच छापलं गेलं. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार. दुसऱ्यात ५९, ख्रिस्ताचं चरित्र. विल्टशरमधला हा इंग्रज माणूस ओवी लिहितो, स्वर्गाला वैकुंठ म्हणतो, आणि मधूनमधून श्रोत्यांना शंका विचारू देतो. कुणीतरी थांबवतं, विचारतं, पाद्रीगुरू समजावतो, कथा पुढे सरकते. कीर्तनाला बसलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. वर्ग घेणाऱ्यालाही वाटेल, कारण मुलं असंच करतात.

छपाई मात्र रोमन लिपीत. त्याला देवनागरी हवी होती. १६०८ मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात त्याने इथल्या लिपीत छापण्याची इच्छा कळवली आणि अडचणही सांगितली: युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरं-काना-मात्रा धरून सहाशेच्या घरात साचे लागतील. ते जमलं नाही. म्हणून मराठीतला हा ग्रंथ आपण चॅटवर टाइप करतो तसा, रोमन अक्षरांत बाहेर पडला. फरक इतकाच, की त्याने स्पेलिंगचे नियम ठरवले आणि पाळले.

रविवारी आणि सणांना हे पुराण चर्चमध्ये वाचलं जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही.

मग १६८४ आलं. गोव्याच्या व्हाइसरॉयने, कोंद द आल्व्होरने, फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. आधी पुराणं गेली होती, त्या जागी आलेलं पुराण ज्या भाषेत होतं ती भाषाही आता नकोशी झाली. फर्मानाने भाषा मेली नाही, पण तिच्यातून शिकवणाऱ्यांचं बळ खचलं. पुराण वाचलं ते हातांनी नकललेल्या प्रतींतून, त्यांतही मंगळूरकडे, गोव्यातून गेलेल्या ख्रिस्ती घरांमध्ये. तिथेच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितं ताडून ते छापलं. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रतही निघाली, जी पुढे जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांपुढे आणली.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-अहमदनगरकडे अमेरिकन मिशनरी आले ते वेगळ्या वळणाचे. त्यांची परंपरा न्यू इंग्लंडच्या प्युरिटन मंडळींची. तिथे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणंच गुन्हा होता. त्यांना चर्चचं वर्ष नको, बायबल हवं होतं. १८७२ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या एकसारख्या धड्यांची पद्धत संडे स्कूलमधून इकडेही पोचली. एका रविवारी सगळ्या जगातल्या मुलांनी एकच उतारा शिकायचा. काही महिने एक पुस्तक, मग दुसरं. शिस्तीची पद्धत आहे, मला तिचा हेवाही वाटतो. पण तिच्यात घंटा मुकी होत नाही. अहमदनगरच्या रेव्हरंड टिळकांनी पुढे 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं, तेव्हा तीनशे वर्षांनी पुन्हा कुणाला तरी ओवीच आठवली होती.

आमच्या कॅथलिक बाजूला मोठा बदल झाला तो १९६९ मध्ये. त्याआधी वाचनांचं चक्र एका वर्षाचं होतं: ठरलेल्या रविवारी ठरलेलाच उतारा, जन्मभर. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर ते तीन वर्षांचं झालं. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान सणांना आणि मधल्या जागांना. कोणतं वर्ष चालू आहे हे ओळखायची सोपी युक्ती मुलांना आवडते: सालाला ३ ने नि:शेष भाग गेला तर लूक, बाकी १ उरली तर मत्तय, २ उरली तर मार्क. मात्र हे वर्ष जानेवारीत नाही, आधीच्या आगमनकाळात सुरू होतं. म्हणजे २०२६ चं मत्तयचं वर्ष नोव्हेंबर २०२५ अखेरीसच लागलं. आठव्या वर्षी ऐकलेला मत्तय मूल पुन्हा अकराव्या वर्षी ऐकतं, मग चौदाव्या. तीच गोष्ट आणि दर वेळी वेगळं डोकं. मिस्सा लोकांच्या भाषेत आली ती याच सुमारास. १९७३ मध्ये मुलांच्या मिस्सेसाठी वेगळी मार्गदर्शिका निघाली आणि मुलांना समजेल असं शुभवर्तमान वाचायला अधिकृत मोकळीक मिळाली. त्या ब्राह्मणाच्या मागणीला रोमकडून होकार यायला साडेतीनशे वर्षं लागली, असं मी वर्गाबाहेर म्हणते.

आता माझी अडचण. वाचन मराठीत होतं, मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी आजी सामवेदी बोलते. पाठ केलेली उत्तरं मुलं इंग्रजीत फाडफाड देतात. या वेळी कुठल्या व्हाइसरॉयचा हुकूम नाही. आईबाप स्वतःच सांगतात, 'टीचर, इंग्लिशमध्ये घ्या ना.' त्यांचं कारण मला कळतं. त्यांना मुलांची नोकरी दिसत असते. मी दोन्ही भाषांत घेते. व्याख्या इंग्रजीत उरकते, गोष्ट मात्र आजीच्या बोलीत सांगते, आणि वर्गातली बडबड नेमकी तेव्हाच थांबते. हा माझा एका वर्गाचा अनुभव आहे, त्यावरून सिद्धांत करायला मी तयार नाही.

यंदा झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर पाती विणत बसलो होतो. एका मुलाने विचारलं, 'येशू राजा होता तर गाढवावर का आला? घोडा परवडला नाही काय?' दुसरी म्हणाली, 'माझ्या आजोबांच्या लग्नात बैलगाडी होती.' मग लग्नं निघाली, वराती निघाल्या, नवरा घोड्यावर का बसतो ते निघालं, लढाईला जाणारा राजा कशावर बसतो आणि भेटायला येणारा कशावर, तेही त्यांनीच काढलं. मी फक्त मत्तयने जखऱ्या संदेष्ट्याचं बोलणं इथे का आठवलं, तेवढं सांगितलं. पुस्तकातलं त्या दिवशीचं पान, पाच प्रश्न आणि पाच उत्तरं, तसंच राहिलं. पुढच्या रविवारी ईस्टर असल्यामुळे वर्ग नव्हता.