अंधारातली माशी: चांद्याच्या जंगलातील रात्रीच्या नेमाचा इतिहास

१/
रात्री बंदूक हाती धरणाऱ्यासमोर दोन प्रश्न असतात. पहिला, नळी नेमकी कुठे रोखली आहे? दुसरा, जिच्यावर ती रोखली आहे ती आकृती कोणाची? गेल्या दीडशे वर्षांत पहिल्या प्रश्नाची उत्तरे एकामागून एक सापडत गेली. दुसरा प्रश्न बराच काळ तसाच राहिला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाच्या आधाराने सांगितलेला या दोन प्रश्नांचा हा इतिहास. #धागा

२/
आधी थोडी ओळख. नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम साधला. ही सारी रचना एका गृहीतकावर उभी आहे: डोळ्याला माशीची बारीक कड स्पष्ट दिसते. सूर्य मावळला की हे गृहीतकच कोसळते.

३/
कारण डोळ्याच्या घडणीत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी शंकुपेशी दाटीने असतात; बारकावे आणि रंग त्या टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी सभोवताली पसरलेल्या असतात. म्हणून रात्री एखाद्या वस्तूवर नजर थेट रोखली की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिले की पुन्हा दिसू लागते. नेम धरण्यासाठी मात्र थेटच पाहावे लागते. शिवाय डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास घेतो आणि एका काडीच्या उजेडात तो सराव पुसला जातो.

४/
जुन्या तोड्याच्या बंदुकीची अडचण आणखी वेगळी होती. तिचा तोडा म्हणजे सतत धुमसणारी वात. रात्री तो लाल ठिपका बंदूकधाऱ्याला काही दाखवत नसे. उलट बंदूकधारी कुठे बसला आहे हे सर्वांना दाखवत असे. ज्याच्या हाती उजेड, तोच आधी दिसतो, हा धडा शस्त्रांच्या इतिहासात फार जुना आहे.

५/
अंधार दुबळ्याचे बळ ठरतो, हे चांद्याने १८५८ मध्ये पाहिले. २९ एप्रिलच्या रात्री बाबुराव शेडमाके आणि व्यंकटराव यांच्या साथीदारांनी प्राणहिताकाठच्या चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी त्यात मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

६/
वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, दोन कायदे आले. भारतीय वन कायद्याने जंगल सरकारी ताब्यात घेण्याची चौकट घालून दिली. शस्त्र कायद्याने बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. दोन्हींचा एकत्रित परिणाम मचाणावर दिसू लागला. बंदूक साहेबाच्या हाती आणि शेजारी नि:शस्त्र गोंड किंवा माडिया वाटाड्या.

७/
या जोडीत आपले दोन प्रश्नही वाटले गेले. नळी कुठे रोखली, हे पाहणे साहेबाचे काम. समोर कोण आले, हे ओळखणे वाटाड्याचे. तो ते बहुधा कानाने ओळखे: सांबराचा इशाऱ्याचा आवाज, चितळाची शीळ, वाळल्या सागपानांवर पडणाऱ्या पावलांची लय. शिकारकथांच्या पुस्तकांवर नाव साहेबाचे आले. रात्रीच्या अर्ध्या ज्ञानाचा धनी बहुतेक वेळा निनावी राहिला.

८/
साहेबाच्या वाट्याच्या प्रश्नावर पहिला उपाय अगदी घरगुती होता: माशीजवळ पांढरी चिंधी किंवा कापूस बांधणे. इंग्लंडच्या बंदूक-कारागिरांनी त्याचीच सुबक आवृत्ती काढली. दिवसाच्या बारीक माशीमागे हस्तिदंताचा किंवा पांढऱ्या मुलाम्याचा एक ठळक मणी घडी करून ठेवलेला असे; चांदणे पडले की तो उभा करायचा. या मण्याला ‘मूनसाइट’, म्हणजे चांदण्यातली माशी, असे नाव पडले.

९/
नावातच मर्यादा आहे. पांढरा मणी स्वतः उजेड देत नाही. चंद्राचा उजेड परतवतो. म्हणून तो शुक्ल पक्षात उपयोगी आणि अमावास्येला निरुपयोगी. पण त्यात एक सुरक्षितताही दडलेली होती. मणी दिसण्याइतके चांदणे असेल तर जनावराची बाह्यरेषाही थोडीफार दिसे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच चंद्राकडे होती.

१०/
ही गाठ पुढे सुटत गेली. विल्यम बाल्मेन या रसायनतज्ज्ञाने १८७७ मध्ये चमकणाऱ्या रंगाचे पेटंट घेतले. कॅल्शियम सल्फाइडचा हा रंग दिवसा उजेड साठवे आणि अंधारात तो परत देई. दोष एवढाच की त्याची चमक रात्रीबरोबर ओसरत जाई. जनावर पाणवठ्यावर येते बहुधा उशिरा.

११/
१८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. रेडियम आणि झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणाला बाहेरच्या उजेडाची गरजच नव्हती. पहिल्या महायुद्धात घड्याळांच्या तबकड्या, विमानांची उपकरणे आणि बंदुकांची नेमदर्शके या रंगाने उजळली. आजही महाराष्ट्रात गाडीवरच्या चमकत्या पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. शब्द मात्र त्या काळातून टिकून राहिला आहे.

१२/
या उजेडाची किंमत बंदूक धरणाऱ्याने मोजली नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली ब्रश ओठांनी टोकदार करून रेडियमचा रंग भरत. तो पोटात जाई आणि हाडांत साचे. जबड्याची हाडे झिजली, अनेकींचा मृत्यू झाला. पाच कामगार स्त्रियांनी १९२७ मध्ये दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. औद्योगिक आरोग्याच्या इतिहासात हा खटला मैलाचा दगड मानला जातो.

१३/
दुसऱ्या प्रश्नाला खऱ्या अर्थाने हात घातला तो विजेरीने, खेड्यातल्या भाषेत ‘बॅटरी’ने. ती लक्ष्यच उजळते. पण तिच्यावर किती विसंबावे? १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तेव्हा बंदुकीला विजेरी बांधलेली होती. प्रकाशझोतात बिबट्या दिसला, चाप ओढला गेला आणि विजेरी विझली. गोळी लागली की नाही हे कळायला उजाडावे लागले.

१४/
स्वातंत्र्यानंतर जंगलात जीप आली आणि जीपवर प्रखर झोताचा दिवा. मांसाहारी आणि खुरांच्या अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. झोत पडताच ते डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. बंदूक त्या दोन ठिणग्यांमधोमध रोखली जाई. नर की मादी, गाभण की पिलांची आई, हे ठिणग्या सांगत नाहीत. दिवा असूनही दुसरा प्रश्न विचारलाच जाईनासा झाला.

१५/
याचा हिशेब पुढे आकड्यांत आला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. चांद्याच्या ताडोबाला १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. एकेकाळच्या शिकारभूमीचा तो मोठा भाग बंदुकीपासून आधीच सुटला.

१६/
बंदुकीचा प्रवास मात्र थांबला नाही. रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. हायड्रोजनचे हे किरणोत्सारी रूप काचेच्या इवल्या नळीत बंद करतात. नळीच्या आतला लेप त्याच्या किरणांनी उजळतो. हे किरण इतके क्षीण असतात की त्वचाही भेदत नाहीत. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे साधारण बारा वर्षांत चमक निम्म्यावर येते. इस्रायलच्या गलील रायफलीवर १९७० च्या दशकात अशी घडीची रात्रदर्शके होती. पुढे स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांवर ट्रिटियमचे तीन ठिपके रूढ झाले: मागे दोन, पुढे एक.

१७/
या ठिपक्यांची निवड करतानाही मूनसाइटचाच नियम लागू पडतो. पुढचा ठिपका मागच्यांपेक्षा ठळक किंवा वेगळ्या रंगाचा हवा, कारण घाईत डोळ्याने माशीच धरायची असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे ठिपके नळी दाखवतात, समोरचा माणूस दाखवत नाहीत. त्यांचा खरा उपयोग संधिप्रकाशाच्या अरुंद पट्ट्यात: लक्ष्य ओळखू येते, पण काळी माशी दिसत नाही, तेव्हा. मिट्ट काळोखात ठिपके सुरेख जुळतात आणि गोळी कोणावर सुटणार हे अज्ञातच राहते. तिथे आधी विजेरी लागते. आणि विजेरी लावली की साधी काळी माशीही उजेडावर स्पष्ट उमटते.

१८/
भारतात ही चर्चा थोड्या परवानाधारकांपुरती आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र एक तरतूद थेट शेताच्या बांधावर येते: पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. धान भरात आले की शेतकरी माळ्यावर जागल करतो. रानडुकरांचा कळप येतो तो रात्रीच. धुऱ्यावर हललेली सावली डुकराची की रात्री पाणी वळवायला निघालेल्या शेजाऱ्याची? डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. त्या चुकीला उत्तम माशीही आवरू शकत नाही.

१९/
चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न साऱ्या देशासमोर आला. राळेगाव-पांढरकवडा परिसरातील टी-१ वाघिणीशी, म्हणजेच ‘अवनी’शी, १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा, तो फसला तरच गोळी, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. त्या रात्री नेमके काय घडले, नियम पाळले गेले का, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने गंभीर आक्षेप नोंदवले.

२०/
या वादाला दोन बाजू होत्या आणि दोन्हींत माणसे होती. घरातला कर्ता गमावलेल्या गावाला ‘कोणती वाघीण’ हा प्रश्न चैनीचा वाटू शकतो. त्याला सरपणाची वाट मोकळी हवी असते. पण चुकीचा वाघ मेला तर बरोबरचा मोकळाच राहतो. दुसरा प्रश्न विचारणे ही म्हणूनच वाघाइतकीच गावाचीही गरज आहे.

२१/
त्याचे उत्तर शेवटी बंदुकीच्या कारखान्यातून आले नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की झोत पेटे आणि कॅमेरा उघडे. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचे पुस्तक १९२७ चे. याच कल्पनेतून पुढे कॅमेरा ट्रॅप आला. वाघाच्या अंगावरचे पट्टे बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे कधीच जुळत नाहीत. अंधारात कोण होते, हे आता नावानिशी सांगता येते.

२२/
राजुरा भागातील आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांत १३ बळी घेतल्याचे सांगितले गेलेला सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात बेशुद्ध करून जेरबंद झाला. दोन्ही मोहिमांना महिनोन्‌महिने लागले आणि त्या काळात गावांनी भीती सोसली. विलंबाचा तो भार खरा होता. पण शेवटी पिंजऱ्यात आला तो ओळख पटलेला वाघ.

२३/
आजही मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला बायामाणसे पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात. त्यांच्या हाती टोपली असते, फार तर एक विजेरी. माशी, मूनसाइट, रेडियम, ट्रिटियम यांपैकी एकही शोध त्यांच्यासाठी लागला नव्हता. त्यांना हवे आहे ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, आणि तेही झाडाखाली वाकण्याआधी: समोरच्या झुडपात काय आहे? चांद्याच्या रात्रीच्या इतिहासातील हे प्रकरण अजून लिहिले जात आहे.

(समाप्त)