लिनक्समध्ये पॅकेज डाउनलोडची जागा कशी बदलतात?

नाशिकच्या कॉलेज लॅबमधला जुना कॉम्प्युटर असो की घरचा लॅपटॉप, मुख्य डिस्क भरली की लिनक्सचे सुरक्षा अपडेटही अडकतात.

डेबियन, उबंटू आणि सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ या प्रणालींमध्ये एपीटी हा पॅकेज मॅनेजर असतो. तो डाउनलोड केलेल्या फाइल्स ‘/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज’ या फोल्डरमध्ये ठेवतो.

आधी साफसफाई: ‘एपीटी-गेट क्लीन’ ही आज्ञा हा साठा रिकामा करते. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

जागा बदलायची असल्यास: ‘/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये छोटी फाइल तयार करून ‘डिर::कॅश::आर्काइव्ह्ज’ या सेटिंगला नव्या फोल्डरचा पत्ता देतात. त्यासाठी रूट अधिकार लागतात. नवी डिस्क कॉम्प्युटर सुरू होतानाच जोडली जायला हवी.

काय बदलत नाही: यामुळे फक्त डाउनलोडची जागा बदलते. इन्स्टॉल झालेले प्रोग्रॅम मूळ जागीच राहतात.

सावधान: ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ला हात लावू नये. कोणते पॅकेज इन्स्टॉल आहे, याची नोंद तिथेच असते. ती गेली की अपडेटचे गणितच कोलमडते.