सॉफ्टबॉल : नवोदित पिचरसाठी संघाची निवड

सॉफ्टबॉलमध्ये नऊ खेळाडू मैदानात असतात, परंतु प्रत्येक चेंडूची सुरुवात एकाच हातातून होते. तो हात पिचरचा. फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या या खेळाडूवर सामन्याचा निकाल इतर कोणत्याही सांघिक खेळातील एका जागेपेक्षा अधिक अवलंबून असतो. त्यामुळे शालेय पातळीवर चमकलेल्या मुलीने पुढे कोणत्या संघात जावे, हा प्रश्न पिचरच्या बाबतीत वेगळ्या कसोट्यांवर तपासावा लागतो. उत्तम यष्टिरक्षक किंवा उत्तम धावपटू जो संघ निवडेल तोच संघ उदयोन्मुख पिचरला मानवेल, असे नाही.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर फलंदाजापासून ४३ फूट, म्हणजे सुमारे १३.११ मीटर अंतरावर उभी असते. पुरुषांसाठी हे अंतर ४६ फूट आहे, तर बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंच. दोन बेसमधील अंतर ६० फूट असते. चेंडूचा परीघ १२ इंच असून लहान वयोगटात काही ठिकाणी ११ इंची चेंडू वापरतात. नियमित सामना सात डावांचा असतो. चेंडू खांद्यावरून न फेकता हात कमरेखालून आणावा लागतो. वेगवान प्रकारात हात वर्तुळाकार फिरवून चेंडू सोडण्याची पद्धत रूढ असून पवनचक्कीशी असलेल्या साम्यामुळे तिला 'विंडमिल' म्हणतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटर वेगाची नोंद केली होती.

४१३ चेंडू

पिचरसाठी संघ म्हणजे काय, हे समजण्यासाठी जपानच्या युकिको उएनोचे उदाहरण पुरेसे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट रोजी सकाळी जपानची लढत अमेरिकेशी झाली. ती नऊ डावांपर्यंत लांबली आणि जपानने ४-१ अशी गमावली. त्याच दिवशी सायंकाळी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना बारा डाव चालला आणि जपानने तो ४-३ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. या तिन्ही सामन्यांत चेंडू टाकणारी एकच खेळाडू होती. दोन दिवसांत २८ डाव आणि ४१३ चेंडू. जपानमध्ये हा आकडा आजही पराक्रमाचे प्रतीक म्हणून सांगितला जातो.

त्याच उएनोने तेरा वर्षांनी, २७ जुलै २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकेविरुद्ध चेंडू हाती घेतला. तेव्हा ती ३९ वर्षांची होती. या वेळी मात्र सहाव्या डावात तिच्या जागी वीस वर्षांच्या मिऊ गोतोला आणण्यात आले. गोतोने तो अवघड डाव निभावून नेला आणि सातव्या डावात उएनो परत आली. सुरुवातीच्या संघातील खेळाडूला बाहेर गेल्यावर एकदा परत येण्याची मुभा सॉफ्टबॉलच्या नियमांत आहे, तिचा हा उत्तम उपयोग होता. जपानने सामना २-० असा जिंकला. अमेरिकेच्या संघातही अ‍ॅबट आणि कॅट ऑस्टरमन अशा दोन अनुभवी पिचर होत्या.

बीजिंगची कथा अधिक रोमहर्षक आहे, यात शंका नाही. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी संघ पाहणाऱ्या पालकांनी समोर ठेवावे असे उदाहरण टोकियोचे आहे. उएनो बीजिंगमध्ये २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली व्यावसायिक खेळाडू होती. जिल्हा पातळीच्या स्पर्धेत दोन दिवसांत चार सामने एकाच मुलीकडून खेळवून घेणारा प्रशिक्षक नकळत बीजिंगचाच कित्ता गिरवीत असतो, तोही हाडे व स्नायू अद्याप बळकट होत असलेल्या शरीरावर.

खांद्याचा प्रश्न

कमरेखालून चेंडू टाकण्याची क्रिया नैसर्गिक असल्याने तिच्यामुळे हाताला इजा होत नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. अनेक मैदानांवर तो आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात विंडमिल पद्धतीत खांद्याच्या सांध्यावर आणि दंडाच्या पुढील स्नायूवर मोठा ताण येतो, असे अभ्यासातून दिसून आले आहे. खांद्याच्या पुढील भागातील वेदना ही अशा पिचरची नेहमीची तक्रार असते. कंबर, पाठ व पुढे टाकल्या जाणाऱ्या पायाचा गुडघा यांवरही भार पडतो. बेसबॉलमध्ये लहान वयोगटासाठी चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची पद्धत अनेक देशांत रुळली आहे. सॉफ्टबॉलमध्ये अशी मर्यादा सर्वत्र लागू नाही. मर्यादा घालणे त्यामुळे संघाच्या व्यवस्थापनाच्या विवेकावर सोपविले जाते.

म्हणूनच संघाविषयीचा पहिला प्रश्न त्याने किती चषक जिंकले हा नसून त्याच्याकडे पिचर किती आहेत हा असावयास हवा. एकच पिचर असलेला संघ नवोदित मुलीचे मोठ्या उत्साहाने स्वागत करतो, तिला प्रत्येक सामना खेळवितो आणि हंगामाच्या अखेरीस तिचा खांदा दुखू लागतो. उलट चार-पाच पिचर असलेल्या नामांकित संघात ती वर्षभर राखीव बाकावर बसण्याची शक्यता असते. सामन्यातील दडपणाखाली चेंडू टाकल्याशिवाय पिचर घडत नाही. सरावात अचूक पडणारा चेंडू बेसवर धावपटू उभा असताना भलतीकडे जातो, हा सर्वांचाच अनुभव आहे. दोन किंवा तीन पिचर असलेला आणि त्यांना आलटून पालटून संधी देणारा मध्यम ताकदीचा संघ या वयात बहुधा सर्वाधिक लाभदायक ठरतो. केवळ विजेत्या संघाच्या गणवेशासाठी बाकावर बसण्याची किंमत पिचरला इतरांपेक्षा अधिक मोजावी लागते.

दुसरी बाब कॅचरची. खाली पडणारा 'ड्रॉप' किंवा अचानक मंद होणारा 'चेंज-अप' शिकताना चेंडू वारंवार जमिनीवर आपटतो. तो अडवू न शकणारी कॅचर असेल तर प्रत्येक चुकीवर विरोधी धावपटू एक बेस पुढे सरकतो. अशा संघात पिचर नवे चेंडू टाकण्याचे टाळते आणि सरळ वेगवान चेंडूवरच विसंबून राहते. चौदाव्या वर्षी तेवढ्यावर बळी मिळतात. अठराव्या वर्षी मिळत नाहीत. क्षेत्ररक्षणाचेही तसेच आहे. मागे झेल सुटत असतील तर पिचर प्रत्येक फलंदाजाला स्वतःच बाद करण्याच्या प्रयत्नात जादा चेंडू खर्च करते.

प्रशिक्षकाला पिचिंगचे तंत्र स्वतंत्रपणे अवगत आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. भारतात सॉफ्टबॉलचे अनेक प्रशिक्षक अन्य खेळांतून किंवा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनातून आलेले असतात. त्यांची निष्ठा वादातीत असली तरी विंडमिलमधील पायाची जागा, कमरेचे वळण व मनगटाची सोडवणूक हे बारकावे सर्वांना ठाऊक असतातच असे नाही. पिचर स्वतंत्र मार्गदर्शकाकडे शिकत असेल तर संघाच्या प्रशिक्षकाने त्याला हरकत न घेणे, निदान दोघांच्या सूचना परस्परविरोधी नसणे, महत्त्वाचे ठरते. हे जाणण्यासाठी निवड चाचणीपेक्षा साधा सराव पाहणे अधिक उपयुक्त. पिचरला वेगळा वेळ दिला जातो की सर्वांबरोबर झेल घेऊन ती घरी जाते, सरावातील चेंडू कोणी मोजतो काय, दुखत असल्याचे सांगणाऱ्या मुलीला काय उत्तर मिळते, या गोष्टी तासाभरात कळून येतात. फटकावलेला चेंडू सर्वांत जवळ उभ्या असलेल्या पिचरच्याच दिशेने येऊ शकतो, त्यामुळे चेहऱ्याचे संरक्षक कवच वापरण्याविषयी संघाचा दृष्टिकोनही विचारून घ्यावा.

शाळा, जिल्हा, विद्यापीठ

भारतीय सॉफ्टबॉल संघटनेची स्थापना १९६१ मध्ये झाली. अमेरिकेप्रमाणे आठवडाअखेर देशभर फिरणाऱ्या खासगी संघांची पद्धत येथे नाही. मुलीची वाटचाल साधारणतः दोन समांतर मार्गांनी होते. एक मार्ग शालेय स्पर्धांचा, जेथे १४, १७ व १९ वर्षांखालील गट असतात. दुसरा मार्ग जिल्हा व राज्य संघटनेचा, जेथे क्लबमधून जिल्हा संघात आणि तेथून राज्य संघात निवड होते. दोन्हींची निवड प्रक्रिया, वयाची अट आणि प्रमाणपत्रे वेगळी असतात.

भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत राज्यांबरोबरच केंद्रीय विद्यालय संघटन, नवोदय विद्यालय समिती, सीबीएसई यांसारख्या संस्थाही स्वतंत्र घटक म्हणून उतरतात. मुलगी कोणत्या शाळेत शिकते यावर तिला कोणत्या संघातून खेळता येईल हे ठरते. मोठ्या राज्याच्या संघात जागा मिळविण्यासाठी असलेली चुरस आणि अशा एखाद्या संस्थेच्या संघातील चुरस सारखी नसते. शाळा बदलण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने याची चौकशी आधी करावी.

वाराणसीसारख्या शहरात हा प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात पिढ्यानुपिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत आणि रेल्वे, बँका व काशी हिंदू विद्यापीठातील नोकऱ्यांमुळेही मराठी भाषक तेथे येतात. शहराची क्रीडा परंपरा मोठी आहे, परंतु ती आखाड्यांची, हॉकीची व बास्केटबॉलची. सॉफ्टबॉलचे नाव त्या मानाने क्वचित ऐकू येते. तेथे पिचर होऊ पाहणाऱ्या मुलीपुढे चार संघांतून एक निवडण्याचा पर्याय सहसा नसतो. शाळेचा संघ, जिल्हा संघटनेचे शिबिर आणि पुढे विद्यापीठ, एवढीच वाट असते.

तथापि, मर्यादित सोयी असलेल्या मैदानावरून पुढे कसे जावे, याचे धडे याच शहराने दिले आहेत. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघातील मोहम्मद शाहिद वाराणसीचे. त्यांची जडणघडण लखनौच्या क्रीडा वसतिगृहात झाली. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या संघांतील ललित उपाध्याय याने उदय प्रताप महाविद्यालयाच्या मैदानावर परमानंद मिश्र यांच्याकडे प्राथमिक धडे घेतले. बास्केटबॉलमध्ये याच शहरातील सिंह भगिनी राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचल्या. त्यांपैकी प्रशांती सिंह पुढे दिल्लीला जाऊन एमटीएनएलच्या संघाकडून खेळल्या. त्यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार व २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. या खेळाडूंनी पाया घराजवळ घातला आणि त्यानंतर अधिक स्पर्धा मिळणारे ठिकाण गाठले. पिचरच्या बाबतीतही हा क्रम योग्य वाटतो. तंत्र पक्के होईपर्यंत घराजवळचा, लक्ष देणारा प्रशिक्षक आणि नंतर मोठा संघ.

महाराष्ट्रातील परिस्थिती तुलनेने अनुकूल आहे. जळगाव, अमरावती, पुणे, नागपूर अशा अनेक जिल्ह्यांत हा खेळ शाळा-महाविद्यालयांत रुजलेला असून राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत बलाढ्य मानला जातो. मात्र त्यामुळेच राज्य संघातील पिचरच्या दोन-तीन जागांसाठी मोठी स्पर्धा असते. बदली झालेल्या पालकांच्या मुलीला वाराणसीहून महाराष्ट्रात किंवा उलट दिशेने जाताना आधीच्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाण्याची शक्यता असते. हंगाम सुरू होण्यापूर्वी ते हाती असावे. विद्यापीठ पातळीवर भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात व त्यात खेळण्यासाठी त्या विद्यापीठाची नियमित विद्यार्थिनी असणे आवश्यक असते.

प्रमाणपत्रांचा विषय किरकोळ नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असून त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. अनधिकृत स्पर्धांचे प्रमाणपत्र त्या वेळी निरुपयोगी ठरते. ज्या संघाकडून मुलगी खेळणार आहे तो मान्यताप्राप्त जिल्हा संघटनेशी संलग्न आहे काय, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारणे श्रेयस्कर. जन्मतारखेचा दाखला मूळ स्वरूपात तयार ठेवावा आणि वय कमी दाखविण्याचा सल्ला देणाऱ्या संघापासून दूरच राहावे.

खर्चाचा अंदाजही सुरुवातीलाच घ्यावा. ग्लोव्ह, स्पाइक्स असलेले बूट, बॅट व प्रवास यांचा भार बहुतांशी पालकांवर पडतो. बाहेरगावच्या स्पर्धांसाठी मुलींबरोबर महिला व्यवस्थापक असते काय, राहण्याची सोय कोठे होते आणि तक्रार कोणाकडे करावयाची, याची उत्तरे स्पष्ट असली पाहिजेत. अठरा वर्षांखालील खेळाडूंना लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा लागू आहे आणि मैदान त्याला अपवाद नाही. हे प्रश्न विचारणाऱ्या पालकांना संघ अडचणीचे समजू लागला, तर निर्णय घेणे सोपे होते.

सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळात महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये होता, टोकियोत परतला, पॅरिसला वगळला गेला आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा समाविष्ट झाला आहे. त्याचे सामने ओक्लाहोमा सिटी येथे होणार आहेत. आज बारा-तेरा वर्षांची असलेली पिचर त्या वेळीही शालेय गटातच असेल. संघ बदलायचा झाल्यास तो हंगाम संपल्यावर, जुन्या प्रशिक्षकाला सांगून बदलावा. जिल्ह्यात सॉफ्टबॉलचे वर्तुळ लहान असते आणि आज सोडलेल्या संघाचा प्रशिक्षक उद्या निवड समितीत बसलेला असू शकतो.