फुगलेल्या शिरांवर इंजेक्शन : चाचणीत नेमके काय पारखले जाते?

पायांवर निळसर, पिळदार शिरा वर येणे, दिवस कलताना पोटऱ्या जड होणे, घोट्याभोवती सूज, खाज, काळवंडलेली त्वचा आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास लवकर न भरणारी जखम, हा क्रम अनेक घरांत परिचयाचा आहे. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ या नावानेच हा विकार सर्वत्र ओळखला जातो. वैद्यकीय मराठीत त्याला ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे वर चढवणाऱ्या नीलांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली घसरते, साचते आणि नीला फुगते. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम ही त्यामागची ठळक कारणे. ‘शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, फक्त एक इंजेक्शन’ अशा जाहिराती आता सर्रास दिसतात. त्यामुळे ही इंजेक्शने कोणत्या कसोट्यांवर तपासली गेली, हे रुग्णाने जाणून घेणे अगत्याचे ठरते.

या उपचारामागील कल्पना जुनी आहे. नीलेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करणारे द्रव्य टोचायचे, म्हणजे भिंती आकसून एकमेकींना चिकटतात, पोकळी बुजते आणि काही महिन्यांत तिचा तंतुमय दोरा होऊन तो विरत जातो. रक्त अन्य निरोगी नीलांमधून वाट काढते. आज प्रामुख्याने दोन द्रव्ये वापरात आहेत. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट 1946 पासून या कामी येत आहे. दुसरे पोलिडोकॅनॉल. ते 1930 च्या दशकात जर्मनीत तयार झाले, तेही जागा बधिर करणारे औषध म्हणून. नीला बुजवण्याचा त्याचा गुण पुढे लक्षात आला.

अडचण होती ती रक्ताची. मांडीतील मुख्य वरवरच्या नीलेत द्रवरूप औषध सोडले की ते रक्तात मिसळून पातळ होते आणि भिंतीला पुरेसे भिडतच नाही. 1944 मध्ये एगमाँट ऑर्बाक यांनी औषधाआधी थोडी हवा सोडून रक्त बाजूला सारण्याची युक्ती मांडली. स्पेनमधील हुआन काब्रेरा यांनी 1990 च्या दशकात औषधाचाच सूक्ष्म फेस करून वापरला, तर इटलीचे लोरेंझो टेसारी यांनी 2000 च्या सुमारास दोन सिरिंज आणि तीन तोंडांची तोटी एवढ्याच साहित्यावर फेस घुसळण्याची सोपी रीत दाखवली. फेस रक्ताला पुढे ढकलतो आणि भिंतीला चिकटून राहतो. हा फरक किती मोठा, ते 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. 106 रुग्णांपैकी निम्म्यांना पोलिडोकॅनॉल फेसरूपात आणि निम्म्यांना द्रवरूपात देण्यात आले. तीन महिन्यांनी फेस मिळालेल्यांपैकी 69 टक्के रुग्णांत उलटा प्रवाह थांबला होता. द्रव मिळालेल्यांत हे प्रमाण 27 टक्केच होते.

मात्र तीन महिन्यांचा निकाल हा अखेरचा निकाल नव्हे. लंडनचे शल्यविशारद जॉन हॉब्स यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली व निष्कर्ष 1974 मध्ये प्रसिद्ध केले. आरंभीच्या काळात इंजेक्शनचे परिणाम समाधानकारक भासले. वर्षे उलटली तशी मुख्य नीलेच्या विकारात शस्त्रक्रिया सरस ठरली. पाठपुरावा वर्षभरातच थांबवला असता तर हा फरक उजेडात आलाच नसता. म्हणून ‘यशाचे प्रमाण 95 टक्के’ असे कोणी सांगितले, तर ‘किती काळानंतर?’ हा पहिला प्रश्न असायला हवा.

दुसरा प्रश्न : यश म्हणजे काय? त्वचेलगतच्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरांचा त्रास मुख्यतः दिसण्याचा असतो. तेथे छायाचित्रे पुरेशी ठरतात. जर्मनीत 338 रुग्णांवर झालेल्या चाचणीत आधीची व नंतरची छायाचित्रे अशा तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आली, ज्यांना कोणाला कोणते इंजेक्शन दिले हे ठाऊक नव्हते. पोलिडोकॅनॉलच्या गटात सुमारे 95 टक्के, टेट्राडेसिलच्या गटात 92 टक्के आणि निव्वळ सलाइनच्या गटात 8 टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला. 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पोलिडोकॅनॉलला मान्यता दिली, तिला या चाचणीचा आधार होता.

मोठ्या नीलांचे प्रकरण वेगळे. सोनोग्राफीत नीला बंद दिसते, पण रुग्णाचा पाय दुखतच राहतो. किंवा नीला अर्धवट उघडी असते आणि रुग्ण मात्र समाधानी असतो, असेही घडते. म्हणून कारखान्यातच डब्यात भरून मिळणाऱ्या पोलिडोकॅनॉलच्या सूक्ष्म फेसाची अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा मुख्य माप सोनोग्राफीचे नव्हते. जडपणा, ठणका, सूज, ठसठस आणि खाज या पाच तक्रारींची नोंद रुग्ण रोज इलेक्ट्रॉनिक रोजनिशीत करीत आणि आठ आठवड्यांनी फरक मोजला जाई. दोन चाचण्यांपैकी एकीत 232 रुग्ण होते. औषधविरहित इंजेक्शन मिळालेल्यांनाही काहीसा आराम वाटला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तुलनेसाठी असा गट नसता, तर तो आरामही औषधाच्याच खात्यावर जमा झाला असता. खऱ्या औषधाने मिळालेला आराम त्याहून स्पष्टपणे अधिक होता आणि नोव्हेंबर 2013 मध्ये या फेसाला मान्यता मिळाली.

त्या मान्यतेपूर्वी मात्र एक दीर्घ थांबा घ्यावा लागला होता, बुडबुड्यांमुळे. सुमारे एक चतुर्थांश प्रौढांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मापूर्वीचे छिद्र पूर्णपणे बुजलेले नसते. एरवी त्याचा त्रास होत नाही, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. परंतु पायातून निघालेला बुडबुडा या छिद्रातून फुप्फुसांना वळसा घालून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. फेसाच्या इंजेक्शनानंतर पक्षाघात झाल्याची नोंद 2006 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. दृष्टी क्षणभर अंधुक होणे, अर्धशिशी असे तुरळक प्रकारही आढळले. साध्या हवेतील नायट्रोजन रक्तात लवकर विरघळत नाही, म्हणून नव्या फेसात ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड वापरून नायट्रोजन जवळजवळ काढून टाकण्यात आला. त्यानंतर संशोधकांनी सोपी वाट न धरता हृदयात असा मार्ग असलेलेच 82 रुग्ण निवडले. त्यांपैकी बहुतेकांच्या मेंदूकडील रक्तवाहिनीत बुडबुडे आढळले, पण एमआरआय तपासणीत मेंदूला इजा झाल्याची खूण कोणातही दिसली नाही. ज्यांना धोका सर्वाधिक त्यांच्यावरच, कडक देखरेखीखाली घेतलेली ही परीक्षा या विषयातील सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. खोल नीलांतील गुठळ्यांचा धोका अर्थातच उरतो. चाचण्यांत तो आढळला तो मुख्यतः नियोजित सोनोग्राफीमुळे. इंजेक्शननंतरची तपासणी चुकवू नये, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

इतर उपचारांच्या तुलनेत फेस कुठे बसतो? ब्रिटनमधील 11 केंद्रांत 798 रुग्णांवर फेस, लेझर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये आले : विकाराशी निगडित जीवनमान लेझर व शस्त्रक्रियेनंतर फेसापेक्षा चांगले राहिले. ब्रिटनची मार्गदर्शक सूचनाही आधी उष्णतेने नीला बंद करण्याचे उपचार, ते शक्य नसल्यास फेस आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम सांगते. नीला चिकटवणारा वैद्यकीय गोंद हा त्याहून नवा पर्याय. त्याला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली, तीही रेडिओलहरींच्या उपचाराशी तुलना करून. त्याचा दीर्घकालीन अनुभव स्वाभाविकच कमी आहे.

भारतात अशी चाचणी करायची झाल्यास 2019 चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम लागू होतात. नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची समजावून घेतलेली लेखी संमती बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे, तसेच चाचणीतून कधीही बाहेर पडण्याची मुभा आहे. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ‘नवे इंजेक्शन आहे, चाचणीत नाव घालू या’ असे सुचवले गेल्यास नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मुख्य माप कोणते, तुलनेचा गट कोणता आणि पाठपुरावा किती महिने, या तिन्ही गोष्टी त्या नोंदीत लिहिलेल्या असतात.