योगायोग आणि एकसमयता : वडूज, ९ सप्टेंबर १९४२

इंग्रजीतील ‘कोइन्सिडन्स’ या शब्दासाठी मराठीत सामान्यतः ‘योगायोग’ हा प्रतिशब्द योजला जातो. दोहोंची घडण मात्र भिन्न आहे. लॅटिन मुळानुसार पहिल्याचा अर्थ ‘एकत्र पडणे’ एवढाच. भूमितीत दोन रेषा परस्परांवर तंतोतंत पडतात तेव्हाही हाच शब्द येतो, आणि तेथे यदृच्छेचा प्रश्न नसतो. कारणसंबंधाचा अभाव हा अर्थ त्याला पुढे व्यवहारात चिकटला. ‘योग’ या शब्दामागे फलज्योतिषाची परंपरा असल्याने ‘योगायोगा’त दैवाची छटा मिसळते. कर्ता दोहोंकडे लोप पावतो. इतिहासलेखनात या लोपाचे काय परिणाम होतात, हे वडूजच्या उदाहरणावरून तपासता येते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्याच्या या मुख्य ठिकाणी मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्याच दिवशी, चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या नंदुरबारात शिरीषकुमार मेहता हा विद्यार्थी व त्याचे चार सोबती गोळीबारात मृत्युमुखी पडले.

या जुळणीस कोणते नाव द्यावे? १९४३ साली ब्रिटिश शासनाने १९४२च्या उठावांची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या युक्तिवादात योगायोगाला स्थान नव्हते. ठिकठिकाणच्या घटनांतील साम्य हाच पूर्वनियोजनाचा पुरावा ठरत होता. उलटपक्षी, ‘योगायोग’ म्हणताच तारीख अर्थशून्य होते. वस्तुतः गांधीजींच्या अटकेस त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता. नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. मात्र दिनदर्शिका सर्वांपाशी एकच होती. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली असे प्रतिपादन केले की वृत्तपत्रातील असंबद्ध बातम्यांना मुख्यतः माथ्यावरची तारीख जोडते. येथे तो क्रम उलटा दिसतो : तारखेने घटनांना छापील पानावर नव्हे, प्रत्यक्ष कृतीत जोडले.

तथापि तारखेवर सर्व भार टाकणेही युक्त नव्हे. कराड (२४ ऑगस्ट), तासगाव (३ सप्टेंबर), वडूज आणि इस्लामपूर (१० सप्टेंबर) ही तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कचेऱ्यांवरील मोर्चांची मालिका आहे. केवळ तारीख पाहणाऱ्यास इस्लामपूर दिसत नाही. केवळ जिल्हा पाहणाऱ्यास नंदुरबार. सोस्यूरच्या परिभाषेत, वडूजची घटना एककालिक आणि कालक्रमिक अशा दोन अक्षांच्या छेदबिंदूवर उभी आहे.

अशा घटनांसाठी जुन्या मराठी गद्यातील ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा शब्द, जडबंबाळ असला तरी, अधिक प्रामाणिक वाटतो. तो काळाची एकता सांगतो. कारण नाकारीत नाही, की कट सूचित करीत नाही. ‘एकसमयता’ ही संज्ञा त्याच अर्थाने स्वीकारल्यास मोर्चेकऱ्यांचा निर्णय दैवाच्या किंवा दूरस्थ आदेशाच्या खाती जमा होणार नाही.